सल काढल्यानंतर

रेवाच्या बोरन्हाणाला बायका जमल्या होत्या. मुरमुरे, बोरं, हलवा सगळं गालिचाभर सांडलेलं, आणि शलाका करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत होती. तिच्या कानामागची उपचाराची चकती नुकतीच निघाली होती.

बाळंतपणानंतर तिची झोपच उडाली होती. रेवा श्वास घेतेय ना, हे बघायला ती सारखी उठायची. डॉक्टर तांबोळींनी मेंदूचा आलेख काढून मूळ शोधलं, एक जुनी आठवण. लहानगी शलाका, शेजारचं हळदीकुंकू, हातात करंडा. यजमानीणबाईंनी डोळ्यांनी खुणावलं आणि ती नुकत्याच विधवा झालेल्या स्वतःच्या आईला ओलांडून पुढे गेली.

"आठवण राहील, फक्त सल जाईल," डॉक्टर म्हणाल्या होत्या. सलमोचन म्हणत त्याला. चकतीतल्या सौम्य लहरी आठवण आणि वेदना यांच्यातला दुवा सोडवायच्या. शलाका गाढ झोपू लागली.

लग्नानंतर स्वतःच्या घरी ती पहिलं कुंकू आईलाच लावायची, सासूबाईंनी तोंड वाकडं केलं तरी. आज तिने जाऊबाईंपासून सुरुवात केली. रेवाला मांडीवर घेऊन आई मधेच बसली होती. तिने कपाळ किंचित पुढे केलं. करंडा पलीकडच्या बाईंकडे गेला.

आईने रेवाच्या केसांतला हलवा वेचला, तिला जाऊबाईंकडे दिलं आणि आत गेली.

"आई निघाल्यात. बाळाला सांभाळायला दिवाळीपर्यंत राहणार होत्या ना?" बायका गेल्यावर निनाद म्हणाला. "मुद्दाम केलंस?"

"नाही रे. आठवत होतं सगळं. टोचलं नाही, इतकंच."

शलाका रेवाला कडेवर घेऊन खोलीत गेली. आई बॅग भरत होती. "तेल कोमट करून लावत जा तिला," ती म्हणाली. "आणि माझं काही मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेतलंय," शलाकाने खरं तेच सांगितलं.

आईचा हात थांबला. "तेच बघितलं मी."

शलाकाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "सल परत आणता येतो?"

"येतो. पण ज्याचा त्याला तो मनापासून हवा असावा लागतो, नाहीतर दुवा जुळत नाही. तुम्हाला हवाय?"

कडेवरची रेवा आजीकडे झेपावत होती. आई बॅगेची चेन ओढत होती, ती अडकत होती. शलाका दोघींकडे बघत राहिली आणि आत कुठे काही हलतंय का, ते शोधत राहिली.

"ऐकताय ना?" डॉक्टरांनी विचारलं. "हवाय का तुम्हाला?"