पाठीला बांधलेलं दार

सन २०१९. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, उन्हाळा ऐन भरात. भर दुपारी मी मुलीच्या कचेरीत गेलो, ते तिने बोलावलं म्हणून. मला असल्या गोष्टींची हौस नाही.

तिचं काम असं. डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवायचा, की माणूस उभ्या जागी दुसऱ्याच खोलीत जातो. ती खोली खरी नसते, पण मान वळवाल तिकडे दिसते. त्या खोलीत बटणं कुठे असावीत, दार कुठे असावं, हे माझी मुलगी ठरवते आणि ते लोकांना सापडतं का, हे तपासते. तपासायला म्हातारी माणसं लागतात. म्हाताऱ्याला सापडलं की सगळ्यांना सापडतं. त्या दिवशीची तपासणी नीट झाली तर ती खात्याची प्रमुख होणार होती.

त्या जागेवर आधी एक उंच, किडकिडीत माणूस होता. सगळे त्याला लंबू म्हणत. एकदा आमच्याकडे चहाला आला होता. त्याच्या हाताखाली खोली तयार झाली, तेव्हा बाहेर पडायचं दार माणसाच्या पाठीमागे गेलं. नुसतं मागे नाही, पाठीला बांधल्यासारखं. माणूस वळला की दारही वळे. दिसणार कधी? एक बाई त्यात गरगर फिरली, घाबरून पळाली आणि खऱ्या भिंतीवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं. लंबूला काढून टाकलं. तो पुढे सहा महिनेही जगला नाही. कसा गेला, ते मुलीने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

“बाबा, जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं,” चष्म्याचा पट्टा आवळत मुलगी म्हणाली. “मला काही विचारायचं नाही. मी उत्तर देणार नाही. तसा नियम आहे.”

“घरी तरी कुठे देतेस?”

ती हसली. मी आयुष्यभर वेल्डिंग केलं. तोंडावर मुखवटा चढवायची मला सवय आहे. भीती वाटली नाही.

खोली साधी होती. टेबल, दिवा, खिडकी. सांगितलं तसं मी दिवा लावला, खिडकी उघडली. समोर हिरवं दार होतं. “दार दिसतं,” मी बोललो आणि हात पुढे केला.

तेवढ्यात अंधार झाला.

उजेड परत आला तो पिवळट, मेलेला. समोरचं दार नव्हतं. चष्म्यातून वास येत नाही हे मला ठाऊक होतं. तरी बंद खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचा ओला वास आला.

“दार गेलं,” मी म्हणालो. उत्तर नाही. नियम आहे, म्हटलं. “पोरी, दार दिसत नाही...” आता पुरे झालं, म्हणून चष्मा काढायला हात वर नेले.

बोटं थेट पापण्यांना लागली.

चष्मा नव्हता. खोली होती.

कोपऱ्यात खुर्चीवर कोणी बसलं होतं. गुडघे पार छातीशी आलेले, इतका उंच.

“बसा ना, काका...”

“मला बसायचं नाही. दार कुठे आहे?”

“तुमच्या पाठीमागे. मला इथून दिसतंय.”

मी वळलो. भिंत. पुन्हा वळलो. भिंत.

“तुला दिसतंय, तर तू का बसलायस?”

“तुमचं दिसतंय. माझं माझ्या पाठीमागे आहे.” तो थांबला. “ते मी बांधलं नव्हतं, काका.”

“मग कोणी?”

“घरी विचारा...”

मला सगळं कळलं. बापाला कळतं. मी म्हणालो, “मला बाहेर काढ. मी तुमच्या वरच्या साहेबांना जाऊन सांगतो.”

“नक्की?”

“मी शब्द दोनदा देत नाही.”

त्याने माझा हात धरला. हात गार असता तर बरं वाटलं असतं. तो कोमट होता, दिवसभर चाललेल्या यंत्रासारखा. “उलटे चला,” तो म्हणाला. मी उलटा चाललो. टाचेला उंबरा लागला आणि मी कचेरीच्या बोळकांडीत उभा होतो.

मुलगी दारापाशी होती. चेहरा पांढराफटक. चष्मा तिच्या हातात.

“बाबा, कोणाशी बोलत होता?”

भिंतीवरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. चष्मा बंद पडला, तसा तिने लगेच माझ्या डोक्यावरून काढला. मी उघड्या डोळ्यांनी समोर बघत उभा. ती खांदा हलवतेय, हाका मारतेय. मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मग मी हात पुढे केला आणि उलटा चालत निघालो. दारात ती बाजूला सरली. एका माणसासाठी सरावं त्याहून बरीच जास्त.

“इतकी का सरलीस?”

“माहीत नाही... वाट द्यावीशी वाटली.”

“ते दार पाठीला कोणी बांधलं होतं?”

“बाबा, त्या चष्म्यात काय काय दिसतं. ते खरं नसतं.”

“चष्मा तुझ्या हातात होता.”

ती खाली बसली. “समोर फार वस्तूंची गर्दी दिसत होती, म्हणून मी दार मागे टाकलं. त्याला विचारलं नाही. चौकशीत तो माझं नाव बोलला नाही. मग मीही...” तिने माझा सदरा धरला. “बाबा, नोकरी जाईल माझी. तुम्ही माझे बाप आहात की त्याचे?”

मी तिची बोटं सोडवली.

मुलीच्या वरच्या मोठ्या मॅडमच्या खोलीत गेलो. त्या ‘बसा’ म्हणाल्या. मी बसलो नाही. दार माझ्या मुलीने बांधलं, त्या माणसाने नाही, असं सांगितलं. हे त्याच्या घरी आत्ता कळवा, म्हणालो. त्यांनी मुलीला आत बोलावून विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅडमनी लंबूच्या आईला फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला, सगळं सांगितलं, माफी मागितली.

“बरं झालं,” म्हातारी म्हणाली. “पण जरा हळू बोला. तो आत्ताच येऊन झोपलाय.”

मॅडमनी फोन ठेवला. माझं देणं फिटलं.