उडवलं

या, असे जवळ सरका. टाळ मग वाजवू, आधी एक गोष्ट ऐका. प्रेमाची आहे, पण तिच्यात कीर्तन आहे, म्हणून सांगायला संकोच नाही.

साल दोन हजार आठ. धसईच्या बाजारात वाल्मिकचं मोबाइलचं दुकान होतं. पोरं मेमरी कार्डं आणून द्यायची, तो गाणी भरून द्यायचा. गाणी येतात कुठून, हे कोणी विचारत नसे. ह्या धंद्यात त्याच्या तोंडी नवीच क्रियापदं बसली होती. नेटवरून उतरवलेला पिक्चर 'टोरंटला', ह्या फोनातून त्या फोनात गेलेलं गाणं 'ब्लूटवलं'. अख्खा बाजार तसंच बोलायचा.

मैना बाजारात क्वचित यायची. कीर्तनकार विठूबुवांची मुलगी. आदल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात बुवांचा आवाज गेला, तेव्हापासून बोलणंसुद्धा बंद. त्यांचं एकच कीर्तन तिच्या कार्डात राहिलं होतं.

"बहिणीची हळद हाय," ती काउंटरशी येऊन म्हणाली. "गाणी भरा. पण बाबांच्या कीर्तनाला हात नाय लावायचा."

वाल्मिकनं कार्ड लावलं, हेडफोन चढवले... आणि गाणी भरायचं विसरला. बराच वेळ त्याची मान डोलत राहिली. मग तिच्याकडं बघून हसला. "भारी! उडवलं मी हे."

"उड... उडवलं?"

"एका मिनिटात!"

 मैना तशीच वळली, आणि सुटू घातलेल्या एसटीत जाऊन चढली.

"अवो, कार्ड तरी—" वाल्मिक मागं धावला. एसटी गेली.

घरी तिनं कोणाला सांगितलं नाही. बाबांपुढं ताट ठेवताना मात्र तिला वर बघवेना.

पंधरा दिवसांनी ती भात घेऊन गिरणीवर गेली, तर पोत्यावर बसलेल्या गिरणीवाल्या पांडूच्या फोनातून बाबा बोलत होते. तोच आवाज. मध्ये येणारी खोकल्याची उबळही तीच.

"पांडूदादा, हे... कुठनं आलं?"

"वाल्मिकनं ब्लूटवलं. तुझ्याच कार्डातनं उडवलंय ना त्यानं?"

"उडवलं म्हंजी पुसलं ना?"

"पुसलं? नाय गो बाय! त्याच्या भाषेत उडवलं म्हंजी न विचारता आपल्याकडं घेतलं. मूळ तिथंच ऱ्हातं."

संध्याकाळी पांडू फोन घेऊन घरी आला. बुवा स्वतःलाच ऐकत बसले. हळूच त्यांनी मांडीवर ताल धरला, तेव्हा मैना उठून आत गेली आणि उगाच चूल फुंकत बसली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात उभी.

"न विचारता घेतलंत."

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

"नाय."

"मग? एकाच कार्डात होतं. हरवलं असतं तर? आता पार मुरबाडपर्यंत वाजतंय." वाल्मिकनं कागदात जपून ठेवलेलं कार्ड पुढं सरकवलं. "मी सोळा वेळा ऐकलं."

"एवढी भक्ती?"

"भक्ती पहिल्या दोन वेळेला. मग... मध्ये बुवा खोकतात ना, तिथं कोणतरी म्हणतं, 'बाबा, पाणी घ्या.' तेवढ्यासाठी."

मैनाची बोटं कार्डावरच थांबली. "ते पण उडवलंस?"

'तुमी' कुठल्या कुठं गेलं होतं. दोघांच्याही ते ध्यानात आलं.

"उडवलं. पण माझं जे गेलं, त्याची कॉपी नाय ऱ्हायली माझ्याकडं. कटच झालं ते."

"आणि पेस्ट?"

बाजाराला क्रियापदं पुरवणारा वाल्मिक कार्डाच्या रिकाम्या कागदाची घडी घालू लागला.

"घरी ये," मैना म्हणाली. "पण ह्या टायमाला... आधी विचार."

तो गेला. बुवांसमोर मांडी घालून, अडखळत का होईना, त्यानं विचारलं. बुवांना उत्तर बोलता येईना. ते उठले, खुंटीवरचे टाळ काढले आणि वाल्मिकच्या हातात ठेवले.

बुवा आता नाहीत. पण कधी कोणाच्या जुन्या फोनात ते कीर्तन सापडलं, तर खोकला आला म्हणून बंद करू नका. पाण्यापर्यंत ऐका... आणि आमच्या विठूबुवांची तेवढी आठवण काढा.