लिउछ्यावच्या बाजारातली छत्री

"साहेब, माझ्या बायकोला पळवलं हो कुणीतरी!"

नावाडी श्वेगन धावतच चहाच्या दुकानात शिरला. हातात कोरी छत्री होती, पण उघडायचं भान नव्हतं.

खासगी गुप्तहेर छू आणि त्याचा जाडजूड मित्र पांग त्याच्याच होडीतून चीनमधल्या एका कालव्याने निघाले होते. होडी सासऱ्याची, श्वेगन भातशेतीवरून आलेला घरजावई. पावसामुळे लिउछ्यावच्या बाजारापाशी होडी लावली आणि त्याची बायको हायथांग भाजी आणायला उतरली, ती परतलीच नाही.

"भांडलात?" छूने विचारलं.

"छे! मघाशी पुलाजवळ तिनंच ही छत्री हातात दिली. 'भिजू नका' म्हणाली. आमचं पोर गेल्या साली कालव्यात गेलं, तेव्हापासून इतकं गोड बोलली नव्हती. एक हमाल तिच्याशी बोलत होता, त्यालाच धरा!"

"भली बाई," पांग हळहळला. "काल मी छत्री म्हटलं, तर कसली डाफरली! होडीत तो शब्द काढायचा नाही म्हणे, 'पावसाचं झाकण' म्हणायचं. तिच्या कानात कापूस, तरी नेमकं तेवढं ऐकू गेलं."

"कान दुखतात तिचे," श्वेगन म्हणाला.

तिघे बाजारात चौकशीला गेले. छत्री विकणारी म्हातारी बोलकी होती. "मोठी नि मजबूत द्या म्हणाली, नवरा उंच आहे. कानात कापूस? नव्हता बाई. हळू बोलले तरी नीट ऐकत होती."

हमाल मात्र उखडला. "मी पळवू? घरची एक मला पुरून उरते! पाणी दिसत नाही असं गाव कुठलं, एवढंच तिनं विचारलं. मी डोंगराची वाट दाखवली."

"लबाड आहे," पांग कुजबुजला.

"खरं बोलतोय," छू म्हणाला आणि दोघांना होडीत घेऊन आला.

"श्वेगन, तिला कुणी पळवलं नाही. ती होडीत जन्मली, तू शेतावर. आपल्या बोलीत छत्री आणि ताटातूट, दोन्हींचा उच्चार एकच. होडीवाले तो शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. तीच वस्तू तिनं नवऱ्याच्या हातात दिली. तो निरोप होता."

"आणि कान?" पांगने विचारलं.

"कान ठणठणीत आहेत. बाजारात कापूस लागला नाही, होडीतच लागायचा. फळीखालचं पाणी तिला ऐकवत नव्हतं."

श्वेगनने हातातल्या छत्रीकडे पाहिलं. "मग माया... नव्हतीच?"

"होती. म्हणून तर मजबूत निवडली. आत्ता निघालास तर गाठशील तिला."

श्वेगनने डोंगराकडे पाहिलं.

"नको. पोर पडलं तेव्हा वल्ह्यावर मीच होतो. माझं तोंड दिसलं की तिला तेच पाणी दिसणार. जाऊ दे तिला."

तो रडला, अगदी मोकळा रडला. मग मागे जाऊन त्याने वल्हं धरलं आणि सवयीने पुढे हाक मारली, "अगं, दोर सोड गं!"

कुणीच हललं नाही. शेवटी पांग उठला, पावसात वाकला आणि चाचपडत गाठ सोडवू लागला.