कापडाखालचा थोरला भाऊ

चित्रातल्या थोरल्या भावाचा चेहरा कुणीतरी खरवडून टाकला होता.

"आज मुलांसमोर त्या कोपऱ्यावरचं कापड काढलं, तर हे असं!" चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या बाई बोलावून आणलेल्या गुप्तहेराला म्हणाल्या. घर सोडून गेलेला धाकटा परत येतो आणि बाप त्याला जवळ घेतो, ती बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या या मोठ्या चित्रावरून शिकवत. दर रविवारी कापड थोडं सरकवायचं. मुलांनी आधी नुसतं बघायचं, मग देवाबद्दल हवं ते विचारायचं. "हा कोपरा आजवर फक्त मी पाहिला होता, आणि चित्र काढणाऱ्या माझ्या भावानं. तो परगावी असतो. आता कमिटी माझा वर्ग बंद करणार."

"दाजी, हे पोरांचंच काम," गुप्तहेराचा मेहुणा म्हणाला.

"खोलीला कुलूप असतं. पोरांना किल्ली तू दिलीस?"

किल्ल्या बाईंखेरीज दोघांकडे होत्या. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, आणि कमिटीचे चिटणीस.

"मुलांच्या प्रश्नांनी मला घाम फुटतो, हे खरं," पाळकसाहेब म्हणाले. "पण शेवटी काय निघतं ते बघायला मीच टपलो होतो हो!"

चिटणीस फणकारले. "मी मागच्या बाकावरून फक्त लक्ष ठेवतो. धर्मशिक्षणाला चित्रं कशाला? हा कोपरा मी आजच पाहिला, कापड निघाल्यावर. धाकटा परत आल्यावर शास्त्रातला थोरला रागावतो, इथे तो रडतोय! मुलांनी काय शिकायचं?"

"खडूस आहे, पण बोलतो सरळ," मेहुणा कुजबुजला.

"तेवढ्यानंच अडकला."

गुप्तहेरानं सगळ्यांना चित्रासमोर बसवलं. "बाई, चेहरा कसा होता?"

"रडणारा. भावानं मुद्दाम तसा काढला होता."

"आज कापड निघालं तेव्हा तिथे चेहराच नव्हता. मग चिटणीससाहेब, तुम्हाला रडणं दिसलं कुठे? ते फक्त आधी कापड उचलणाऱ्याला दिसणार. आणि किल्ली तुमच्याकडे आहे."

चिटणीसांनी खिशातली किल्ली काढून बाईंपुढे ठेवली.

"पुढे काय आहे ते बघितल्याशिवाय राहवेना," ते शेवटी म्हणाले. "माझा धाकटा भाऊ दारात आला होता. मी त्याला आत घेतलं नाही. चित्रातला थोरला रागावलेला असता तर चाललं असतं. रागाची मला सवय आहे. रडणं बघवलं नाही."

"मग वर्गाचं काय करायचं?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

बाईंनी मान ताठ केली.

"मुलं विचार करतात, ते मला ठाऊकच होतं. आज माझ्या वर्गात कमिटीचा चिटणीससुद्धा शिकला. आता बंद करून दाखवाच!"