न उसळणारा चेंडू

"आऽऽक्छी!" निंबा शिंकला आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून सुळकन निघून गेला.

"हा गोल धरायचा नाही! मला मिरची लागली!" तो ओरडला.

"नियमात मिरची नाही," भटू चष्मा पुसत म्हणाला. नियमांची पुस्तिका कायम त्याच्याच खिशात असायची. त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दोंडाईच्याच्या बाजार समितीतली मिरचीच्या लिलावाची शेड मे महिन्यात रिकामी पडते. खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा आणि फटीफटीत वर्षभराच्या मिरचीची धूळ! सकाळी सहा ते आठ तिथे या पाच जणांचं फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचा छपराखालचा फुटबॉल, चाले. गोलात नर्मदा, तीच कर्णधार. पुढे निंबा, भटू आणि वना-पुना हे जुळे भाऊ. फुटसालमध्ये बदली खेळाडू हवे तितके घेता येतात, पण यांच्याकडे एकही नव्हता.

धुळ्याच्या एका मंडळाने मुलामुलींची मिळून स्पर्धा काढली होती. रविवारी याच शेडमध्ये शिंदखेड्याशी सामना होता आणि जिंकणारा संघ धुळ्याला जाणार होता. नर्मदाचे वडील पोस्टात होते. त्यांची जामनेरला बदली झाली होती आणि एक जूनला बिऱ्हाड हलणार होतं. तिथे मुलीला संघात कोण घेणार? एकदा, फक्त एकदाच, धुळ्याला जाऊन खेळायचं, एवढंच तिला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला फारशी आशा नव्हती. शिंदखेड्याकडे बारा खेळाडू होते.

शुक्रवारी सकाळी वनाने चेंडू मारला आणि तो थेट वर पत्र्यावर आदळला. ठण्ण!

"छताला लागला! चेंडू समोरच्या संघाला!" भटू म्हणाला.

"सकाळपासून ही सातवी वेळ! हा चेंडू एवढा उड्या का मारतोय रे?" पुनाने विचारलं.

नर्मदाने चेंडू उचलला. नवा, चकचकीत आणि हाताला मोठा! धुळ्याच्या मंडळाने सामन्यासाठी पाठवलेला चेंडू तपकिरी होता आणि टाकला की आळशासारखा पडून राहायचा.

"हा आपला चेंडू नाहीच," ती हळूच म्हणाली.

भटूने पुस्तिका उघडली. "दोन मीटरवरून सोडला तर चेंडू पासष्ट सेंटिमीटरच्या वर उसळता कामा नये. घेर चौसष्टपर्यंत, वजन चारशे चाळीस ग्रॅमपर्यंत."

भिंतीवर खडूने खुणा केल्या. चेंडू सोडला तो टणकन निंबाच्या छातीपर्यंत आला! सुतळीने घेर मोजला, एकोणसत्तर भरला. हवा काढून उसळी कमी करता आली असती, पण घेराचं काय करणार?

"आणि चेंडू यजमान संघाने द्यायचा," भटूने पुढचं वाचलं. "नियमातला चेंडू नसेल तर सामना समोरच्याला बहाल."

ज्या गावात सामना, त्याच गावाला मंडळाने चेंडू दिला होता, त्यामुळे शिंदखेड्याकडे तो असण्याचा प्रश्नच नव्हता. भटूच्या काकांच्या दुकानातून धुळ्याला फोन लावला. चेंडू मोजूनच आणलेत, जास्तीचा एकही नाही, असं उत्तर आलं.

"म्हणजे चोर शोधायचा!" निंबाने शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या.

"चोर असा कसा? जुना नेतो आणि नवा ठेवतो?" नर्मदा म्हणाली. "चेंडू ठेवतो त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

किल्ली एकाच माणसाकडे असायची. चुडामणभाऊंकडे! स्टेशनरोडवर त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि गावाच्या क्रीडा मंडळाचे ते अध्यक्ष होते. पोरांवर जीव टाकणारा माणूस, पण आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की खात्री.

"सरळ विचारलं तर कानावर हात ठेवतील. आपण काहीच बोलायचं नाही, त्यांनाच बोलू द्यायचं," नर्मदा म्हणाली.

निंबाने घरून एक जुनाट रबरी चेंडू आणला आणि पाचही जण दुकानात गेले.

"भाऊ, हा चेंडू नीट उसळत नाही हो," नर्मदा अगदी गरीब चेहरा करून म्हणाली.

टायरमधून मान वर न काढता भाऊ अहिराणीत म्हणाले, "हाऊ बी? त्यामा बी चिंध्याच भरेल शेतस का?"

"चिंध्या?" नर्मदा चटकन म्हणाली. "कोणत्या चेंडूत चिंध्या होत्या, भाऊ?"

भाऊंचे हात थांबले. पाच जोडी डोळे त्यांच्यावर रोखलेले! भाऊंनी घाम पुसला, इकडे तिकडे पाहिलं आणि मग मुकाट्याने फळीवरून एक पोतं खाली काढलं. आत तपकिरी चेंडू होता. पोट फाडलेला!

"उसळेच ना, मंग पंक्चर म्हनसू. पानीमा बुडायना, एक बुडबुडा नही! कापीसन देखं ते आत बठ्ठ्या चिंध्या. माले वाटनं, धुळावालास्नी फसाडं! म्हनीसन मना पदरना नवा लयना. सांगू कसा? बठ्ठा गाव माले हासी..."

"भाऊ, तो उसळू नये म्हणूनच आत कापड भरतात! फुटसालचा चेंडू तसाच असतो! आणि तुम्ही पदरचे पैसे घालून भलताच आणून ठेवलात!" भटू जवळजवळ रडत म्हणाला.

भाऊ खालीच बसले. "मी ते चांगलंच कराले गयथू रे..." ते पुटपुटले. नर्मदाला त्यांचा भयंकर राग आला होता, पण त्यांच्याकडे बघून तो धड काढताही येईना.

"उद्याचा दिवस आहे. जोडाल?" तिने विचारलं.

शनिवारी भाऊंनी दुकान उघडलंच नाही. शटर अर्धं ओढून ते दिवसभर आत बसले होते. चिंध्या भरल्या, ब्लॅडरला ठिगळ लावलं, शिवण घातली. पोरांनी आळीपाळीने दोरा ओढून धरला. शेवटचा टाका पडला तेव्हा रात्र झाली होती, मोजायचं राहूनच गेलं.

रविवारी सात वाजता धुळ्याचे पंच आले. उंच, अबोल गृहस्थ, खिशाला वही आणि पेन. शिंदखेड्याचा संघ एका बाजूला उभा राहिला. शेडभर गावकरी जमले आणि शिंकू लागले.

पंचांनी चेंडू दोन मीटरवरून सोडला. साठ सेंटिमीटर!

"बसला!" वना-पुना एकदम ओरडले.

पंचांनी घेर मोजला. त्रेसष्ट!

निंबाने भटूला मिठीच मारली. तीन दिवसांत पहिल्यांदाच नर्मदाला वाटलं, होईल बहुतेक.

"वजन?" पंचांनी विचारलं. बाजार समितीत काट्याला काय तोटा! मिरचीचे नमुने तोलायचा छोटा काटा आला. एका पारड्यात चेंडू, दुसऱ्यात चारशे चाळीस ग्रॅम. चेंडूचं पारडं खाली गेलं. पंचांनी आणखी वजनं टाकली. चारशे पन्नास, सत्तर, नव्वद. तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"भाऊ, ठिगळं किती लावली?" नर्मदाने विचारलं.

"एक फाटलं ते दुसरं ऱ्हावो म्हनीसन... चार," भाऊ खाली बघत म्हणाले. "मजबूत व्हावं म्हनीसन."

पंचांनी वही काढली आणि एक ओळ लिहिली. सामना शिंदखेड्याला बहाल!

"पण एक सांगतो," त्यांनी आवाज चढवला, "चेंडू हरवला, तुम्ही शोधून काढलात आणि नियमही तोंडपाठ करून आलात. असा संघ मला कुठेही भेटला नाही. शाबास!" गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी नर्मदाची पाठ थोपटली, कोणी भटूला पेढा दिला. नर्मदाला त्या शाबासकीचं काय करावं ते कळेना.

शिंदखेड्याचा कर्णधार पुढे आला. "आलोच आहोत तर खेळू या की! याच चेंडूने."

"चालेल. पण नोंद होणार नाही," पंच म्हणाले आणि पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात खोचलं.

मग सामना झाला. बाहेर गेलेला चेंडू हाताने नाही, पायानेच आत मारायचा, तोही चार सेकंदांत! शिंदखेडा दर दोन मिनिटांनी ताजा खेळाडू उतरवत होता आणि हे पाच जण धापा टाकत होते. शेवटच्या मिनिटाला दोन-दोन बरोबरी असताना निंबाने समोरच्या खेळाडूला धक्का मारला.

"सहावा फाउल!" पंच ओरडले. एका डावातल्या सहाव्या फाउलला मधे खेळाडूंची भिंत नसते. समोर मारणारा आणि गोलात नर्मदा, बस्स.

चेंडू आला, जड, जमिनीलगत. नर्मदा डावीकडे झेपावली. चार ठिगळांचा तो ओझ्यासारखा चेंडू तिने पोटाशी घट्ट धरला! पत्रा दणाणेल असा गजर झाला. चुडामणभाऊ तर लहान पोरासारखे नाचत होते.

नर्मदाने चेंडू सोडला नाही. मिरचीच्या धुळीने डोळ्यांत पाणी आलंय, असं तिने निंबाला सांगितलं. मग तिने पंचांकडे पाहिलं. तेही टाळ्या वाजवत होते, दोन्ही हातांनी. वही खिशातच होती.