शाफ्टवरचा ठसा

एम.टेक.चं आयुष्य घासण्यात जातं, हे जितेंद्रला प्रवेश घेताना कुणी सांगितलं नव्हतं. धातूचा तुकडा आधी खरबरीत एमरी पेपरवर घासायचा, मग बारीक पेपरवर, मग फिरत्या मखमली चकतीवर, अगदी आरसा होईपर्यंत. त्यानंतर क्षणभर आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आतले कण दिसतात. त्या कणांचा एक स्वच्छ फोटो मिळाला की प्रबंध पुरा. जितेंद्रचं घोडं त्या एका फोटोवर अडलं होतं.

विषय त्यानेच हौसेने निवडला होता. विहिरीवरच्या पंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, इतक्या लवकर का तुटतात? तुकडा घरच्याच पंपाचा. नरखेडहून एसटीने येऊन वडलांनी, चंपतरावांनी, रुमालात बांधून आणून दिलेला. उरलेला शाफ्ट भंगारात गेला, त्यामुळे आता हाच एक. हिंगण्याच्या एका कारखान्यातली नोकरी ठरली होती, पण पदवी हातात असेल तरच, आणि जानेवारी संपत आला होता. मुदत आधीच एकदा वाढवून झालेली. नागपुरातली ती खोली, मेसची डाळ, फोनवर आईचं रोज "झालं का गा तुझं?" विचारणं, सगळ्याचाच त्याला वीट आला होता.

आणि फोटोत दर वेळी कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा येत होता.

"घासलेल्या नमुन्याला बोट लावायचं नाही, हे मी पहिल्याच सत्रात शिकवतो," त्याचे मार्गदर्शक बक्षी सर म्हणाले. ते रागावत नसत, नुसते दमल्यासारखे बघत. ते जास्त लागे. बोटाचं तेल लागलं की तिथे आम्ल नीट चढत नाही आणि ठसा उमटतो. नवशिक्यांची ठरलेली चूक. "हा फोटो परीक्षकांना दाखवता येणार नाही. पुन्हा करा."

जितेंद्रने पुन्हा केलं. चिमट्याने धरून केलं, मग हातमोजे घालून केलं. ठसा आलाच. खरं तर पहिल्याच पेपरवर तो निघून जायला हवा होता. पण जितकं घासावं तितका तो उठून दिसू लागला. आधी कडेला दोन-चार वाकड्या रेषा होत्या. आता अख्खा अंगठा मधोमध होता, जणू आतून कुणी टेकवावा तसा.

शेवटी त्याच्या बरोबरीच्या भूमिकाने तुकडा हातातून काढून घेतला. "तू बाहेर बस. मीच करते."

तो पायरीवर चहा घेऊन बसला. उन्हात बसूनही बरं वाटेना. भूमिका बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"आला?"

"आला. आत ये, अन् अंगठा दे तुझा."

तिने त्याचा अंगठा काचपट्टीवर दाबला. काचपट्टी पाहिली, तुकडा पाहिला, पुन्हा काचपट्टी पाहिली.

"जितेंद्र, हा तुझाच आहे गा."

"माझा कसा? मी तर बाहेर होतो. तूच घासून राहिली होती."

"तेच म्हणून राहिली मी." ती स्टुलावर बसली. "नको घासू आता. सरांले सांग, दुसरा तुकडा पाहू."

"कुठून आणू दुसरा? थकलो वं मी. एकदाचं होऊन जाऊ दे."

तो घासायला बसला. नळाचं पाणी बर्फासारखं होतं. थोड्या वेळाने अंगठ्याला झिणझिण्या आल्या, मग त्याही थांबल्या. थंडीनेच असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आम्लात बुडवून पाहिलं, तर ठसा फिका झाला होता. त्याला हुरूप आला. त्याने आणखी घासलं. ठसा आणखी फिका झाला.

मग नुसते कण उरले.

बक्षी सरांनी फोटो पाहिला आणि सही केली. "उशीर झाला, पण छान झालं. परीक्षकांसाठी नमुना पुन्हा चकचकीत करून ठेवा." जितेंद्रला रडूच आलं. सरांना दिसू नये म्हणून तो वळून प्रयोगशाळेत गेला.

नमुना चकचकीत झाला. आता भीती कसली? इतके दिवस जपलेल्या त्या आरशावर त्याने मुद्दाम अंगठा टेकवला.

काहीच उमटलं नाही.

त्याने जोर लावून दाबला. मग एकेक करून बाकीची बोटं टेकवली.

लख्ख.

त्याने तुकडा डोळ्यांसमोर, अगदी नाकाशी धरला. त्यात मागची खिडकी दिसली. खिडकीबाहेरचा कडुनिंब दिसला. दारात येऊन उभी राहिलेली भूमिकाही दिसली, पायापासून डोक्यापर्यंत.

मध्ये त्याचा स्वतःचा चेहरा कुठेच आडवा येत नव्हता.