चंद्रज्वाला ते पखालवाली

कंधार-उदगीर गाडीत, खिडकीजवळच्या सीटवर, एक माणूस माझी कादंबरी वाचत बसला होता… आणि वाचता वाचता तिच्यात पेन्सिलीनं खुणा करत होता.

मी कंधार आगाराची कंडक्टर. हातात तिकिटाचं मशीन घेऊन मी तशीच उभी राहिले. 'चंद्रज्वालेचा शाप' – माझं पहिलं पुस्तक. नांदेडच्या एका छोट्या प्रेसनं तीनशे प्रती काढल्या होत्या, त्यातल्या निम्म्या अजून माझ्या पलंगाखाली होत्या. अनोळखी हातात ते पुस्तक मी पहिल्यांदाच बघत होते.

जळकोटचं तिकीट देता देता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कसं आहे पुस्तक?

"घोडा चार दिवस दौडून राहिला, अन् एकदाबी पाणी पीत न्हाई," तो मान वर न करता म्हणाला. "लिहिणाऱ्या बाईंनी घोडा बघितलेला दिसत न्हाई."

मग त्यानं मान वर केली. त्याची नजर माझ्या छातीवरच्या पट्टीवर गेली – मंजुषा – तिथून पुस्तकावर आणि परत माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले. मी तिकीट त्याच पानात ठेवलं आणि पुढच्या सीटकडे वळले.

उदगीरच्या स्टँडवर मी पिशवीतल्या माझ्या प्रतीत ते प्रकरण काढून वाचलं. घोडा खरंच पाणी प्यायला नव्हता. राजकन्याही जेवली नव्हती, आणि तिच्या मुखामागून चंद्र मात्र अकरा वेळा उगवला होता.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा गाडीत चढला आणि माफी मागितली. शब्द मात्र मागं घेतला नाही. त्याचं नाव संगमेश. जळकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता, गावातले लोक त्याला डॉक्टरच म्हणत. मी त्याला सांगितलं, आता लिहीन त्या पुस्तकात एक चूक काढून दाखवा. तो म्हणाला, आधी घोडा बघायला चला.

मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेला तो मला घेऊन गेला. धुळीत, गर्दीत, शेकडो घोडी. एका पांढऱ्या घोडीच्या मानेवर त्यानं मला हात ठेवायला लावला. कातडी कोमट होती… आणि आतून काहीतरी थरथरत होतं.

"जनावर घाबरलं की पहिली कातडी थरथरती," तो म्हणाला. त्याचा हात माझ्या हाताशेजारीच होता.

"आणि माणूस घाबरलं की?"

"माणूस… उगंच घोड्याची माहिती सांगत बसतंय."

'काळ्या बुरुजाची लेक' मी त्याच वर्षी लिहिली. तिच्यात घोडे पाणी प्याले, शिपायांना भुका लागल्या, आणि नव्वद कोसांच्या वाटेला आठ दिवस लागले. वाट माणसाला कशी दमवते, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी जिंकल्याच्या थाटात पुस्तक त्याच्या हातात दिलं. आठवड्यानं ते परत आलं. घोड्यांबद्दल एकही खूण नव्हती. शेवटच्या पानावर मात्र लिहिलं होतं, की सगळे जण सातच्या बातम्या सांगितल्यासारखे बोलतात, राक्षससुद्धा. तुमच्या आई अशा बोलतात का?

दोन मंगळवार मी त्याला नुसतं तिकीट दिलं, बोलले नाही.

मग एका सकाळी पाण्याच्या टँकरवाल्यानं आमची गल्ली सोडून गाडी पुढं काढली, आणि माझी आई, तुळजाबाई, रस्त्यात आडवी उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. नुसतं म्हणाली, "न्हे की गाडी. माझ्या अंगावरून न्हे." टँकर मागं आला. मी दारात दात घासत उभी होते, आणि मला माझी नायिका सापडली.

'पखालवाली' राजकन्या नव्हती. वेढा पडलेल्या किल्ल्यावर रेड्याच्या पाठीवर पखाल टाकून पाणी चढवणारी बाई. विहिरीतल्या राक्षसाला सगळे भितात, आणि ही त्याला म्हणते, "खायाचं तर खा, तुझी मर्जी. पर उद्या तुला पाणी कोण पाजील, त्याचा इचार कर." सबंध पुस्तक मी कुणासारखंही लिहिलं नाही. संगमेशनं ते गाडीतच वाचून संपवलं, जळकोटचा स्टँड मागं राहिला तरी त्याला कळलं नाही, आणि उदगीरला उतरून तो उलट्या गाडीनं परत गेला.

लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या पोरींनी ती कादंबरी हातोहात फिरवली. पुन्हा छापावी लागली. आणि एक दिवस पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकाचं पत्र आलं. चारही दिशांना पुस्तक पोचवू, म्हणे. दोनच गोष्टी करा. भाषा शुद्ध करा, आणि शेवटी पखालवाली ही खरं तर हरवलेली राजकन्या होती, असं दाखवा.

मी ते पत्र संगमेशला दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, हो म्हणून टाका. पुस्तक लांब जाईल, थोडं बदलायला काय जातं?

एका घोड्याचं पाणी ज्यानं मला माफ केलं नव्हतं, तो हे म्हणत होता.

"म्हणजे राजकन्या झाल्याशिवाय ती मोठी होत न्हाई, असं तुम्हाला पण वाटतंय," मी म्हणाले.

"मला तुमची काळजी वाटती."

"काळजी करू नका. नीट वाचलं असतं तर पुरे होतं."

प्रकाशकाला मी एका ओळीचं उत्तर पाठवलं – पखालवाली राजकन्या नाही. आणि आगारात अर्ज देऊन लातूरची ड्यूटी मागून घेतली.

चौथी कादंबरी, 'कोरडा किल्ला', मी लातूरच्या स्टँडवर, गाडी सुटायच्या आधीच्या अर्ध्या अर्ध्या तासांत लिहिली. कुणालाही न दाखवता. आधीच्या तिन्ही पुस्तकांत मला कुणाला तरी काहीतरी दाखवून द्यायचं होतं. ह्यात नव्हतं. पखालवाली म्हातारी होते, चुकते, तिचा रेडा मरतो… आणि मी तिला कुठंच सावरून घेतलं नाही. मंगळवार आले की मात्र पेन थांबायचं.

पुस्तक छापून आलं, त्याच आठवड्यात नायगावचं एक स्थळ आलं. पोरगी पसंत आहे, पण नोकरी आणि लिखाण दोन्ही बंद करावं लागेल, असा निरोप होता. माझे वडील शेषेराव – आम्ही त्यांना अप्पा म्हणतो – होकार कळवायला निघालेच होते, तेवढ्यात दारात संगमेश उभा राहिला. हातात 'कोरडा किल्ला'.

"मी चुकलो होतो," तो आत न येताच म्हणाला. "वाटलं, 'बदलू नका' म्हणालो अन् पुस्तक इथंच अडलं, तर तुम्ही मलाच दोष द्याल. भ्यालो होतो मी. आता म्हातारी पखालवाली राक्षसाच्या शेजारी बसती ना… कायबी न बोलता… तिथं पुस्तक मिटलं अन् पहिली गाडी धरली."

अप्पांनी त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं. तो लिंगायत, आम्ही मराठा. अप्पांना तेवढं पुरे होतं. त्यांनी त्याला स्टँडचा रस्ता दाखवला.

"अप्पा, नायगावला न्हाई म्हणून कळवा," मी म्हणाले. "मी ह्यांच्याशी लग्न करणार हाय."

संगमेश माझ्याकडे बघत राहिला. "मी… अजून विचारलंच न्हाई."

"मग विचारा की."

त्यानं विचारलं. अप्पांसमोर, आईसमोर, चप्पल पायात तशीच ठेवून. मी हाव म्हणाले.

अप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि लग्नाच्या नोटिशीचे तीस दिवस संपल्यावर नांदेडच्या नोंदणी कार्यालयातही आले नाहीत. आई आली. इरकल नेसून, एकटी, साक्षीदार म्हणून सही करायला. सगळ्यात आधी येऊन बाकावर बसली होती.

कारकुनानं मला व्यवसाय विचारला. मी म्हणाले, दोन लिहा, कंडक्टर आणि कादंबरीकार. तो कंटाळून म्हणाला, फॉर्मवर जागा एकाचीच आहे, कुठलं तरी एक सांगा.

संगमेश काहीतरी बोलणार होता. त्याच्या आधी आई उठली, टेबलाजवळ गेली आणि फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, "मग बारीक लिव्हा. पर दोन्ही लिव्हा."